बंद वाटांवर एटीव्ही घालणाऱ्यांचं काय करायचं? (कोलोरॅडो, एल्क सीझन)

डोंगरपायी (धागाकर्ता):

मंडळी, शिकार हा विषय इथल्या बऱ्याच जणांना आवडत नाही हे माहीत आहे, तरी लिहितोय कारण माझा प्रश्न शिकारीपेक्षा जमिनीचा जास्त आहे. मी कोलोरॅडोत राहतो, रायफल सीझनला एल्कचं टॅग (एका जनावराच्या शिकारीचा परवाना) काढतो आणि नॅशनल फॉरेस्टमध्ये (केंद्र सरकारच्या जंगलात) पायी शिकार करतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलंच मोठं हरीण, पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या आसपास भरतो.)

यंदाची गोष्ट. लाकूडतोडीसाठी कधीकाळी पाडलेला एक रस्ता आहे, तो कित्येक वर्षं बंद आहे, तोंडाशी मातीचा बांध घातलाय आणि गाड्यांना मनाई असल्याची पट्टी उभी केलीय. मी पहाटे अंधारात तिथून चालत वर गेलो, चांगली दमवणारी चढण आहे, आणि वरच्या कुरणाच्या कडेला ॲस्पेनच्या झाडीत बसलो. उजाडता उजाडता समोरच्या उतारावरून माद्यांचा कळप खाली यायला लागला, मागे एक नर होता पण अजून टप्प्याच्या बाहेर. तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. दोघं जण, अंगात केशरी जाकिटं, साइड-बाय-साइड (दोघं शेजारी बसतात तसली एटीव्ही, म्हणजे डोंगरात चालणारी उघडी छोटी गाडी) घेऊन बांधाला वळसा घालून वर आलेले, रायफली समोरच्या रॅकला उघड्याच लावलेल्या. कुरणाच्या मधून आरपार गेले, वर जाऊन वळले आणि परत त्याच कुरणातून खाली. कळप धारेपलीकडे कधी गेला ते दिसलंसुद्धा नाही.

शिकार हुकली याचं काही नाही, ते होतच असतं. पण त्या कुरणात मधोमध झऱ्याची ओल आहे. ते गेल्यावर मी जाऊन बघितलं तर चाकोऱ्या घोट्याहून खोल पडलेल्या, आणि झऱ्याचं जे पाणी एरवी गवतात पसरतं ते त्या चाकोरीतून सरळ खाली वाहायला लागलं होतं. असं काही हंगाम राहिलं की ओल सुकते, तिथलं लव्हाळं जातं, मग जनावराला तिथे यायचं कारणच उरत नाही.

तर प्रश्न असा की तुम्ही अशा वेळी काय करता? जाऊन बोलता का? तक्रार केली तर कोणी दाद घेतं का?


रेडरॉक:

युटात पण हेच चालू आहे. +१


खडकवासला_टू_डेन्व्हर:

डोंगरपायी, तू लिहिलंस त्यात निदान दोन गुन्हे आहेत. पहिला तर उघडच, बंद वाटेवर गाडी. २००५ च्या नियमापासून नॅशनल फॉरेस्टमध्ये उलटा हिशोब आहे, म्हणजे "बंदीची पाटी नव्हती" हे कारण चालत नाही. मोटर व्हेइकल यूज मॅपवर जी वाट दाखवलीय तेवढीच खुली, बाकी सगळं बंद, पाटी असो नसो. नकाशा फुकट मिळतो, फोनवर उतरवून घेता येतो, रेंज नसली तरी चालतो, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायला जागाच नाही.

दुसरा गुन्हा रायफलींचा. कोलोरॅडोत एटीव्हीवर रायफल न्यायची तर चेंबर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आणि वर पूर्ण बंद केस, कापडी चालेल पण बंद पाहिजे. उघडी रॅकला लावून हिंडणारा माणूस बसल्या जागेवरून बार काढायच्या तयारीने हिंडतोय असंच मी समजतो.


फोर_बाय_फोर:

मी ऑफरोडिंग करतो, नेहमी करतो, आणि धागा वाचून थोडं वाईट वाटलं म्हणून लिहितोय. आमच्या ग्रुपमध्ये वाट सोडणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलवत नाहीत. दरवर्षी ओएचव्हीच्या (ऑफरोड गाडीच्या) स्टिकरचे पैसे भरतो, त्या पैशातून ट्रेलची डागडुजी होते, पडलेली झाडं कापून वाटा मोकळ्या होतात, आणि त्याच वाटांवरून शिकारीही गाड्या घेऊन वर जातात. इथे स्टे द ट्रेल नावाची मोहीमच आहे ऑफरोडवाल्यांची, नावातच सगळं आलं.

आणि एक सांगू का, राग मानू नका, पण उन्हाळाभर ज्या वाटा आम्ही जपतो त्यांच्या दोन्ही बाजूंना नवीन फाटे फुटलेले दिसतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. त्या चाकोऱ्या आमच्या नसतात. डोंगरपायीच्या गोष्टीतल्या दोघांच्या अंगात केशरी जाकीट होतं ना? मग ते ऑफरोडर की शिकारी?


डोंगरपायी:

@फोर_बाय_फोर राग कसला, मुद्दा खरा आहे. ते शिकारीच होते आणि म्हणूनच जास्त लागलं. हंटर एज्युकेशनच्या कोर्सला बसल्याशिवाय इथे सहसा लायसन्स मिळत नाही (१९४९ च्या आधी जन्मलेले सोडून), म्हणजे हे सगळं त्यांना शिकवलेलं असतं. माझी तक्रार एटीव्हीबद्दल नाहीच. खुल्या रस्त्यावरून ट्रेलहेडपर्यंत (पायवाट सुरू होते तिथपर्यंत) कोणी एटीव्हीने आला तर माझं काय जातंय. बांधाला वळसा घालणाऱ्याबद्दल बोलतोय.


तुळशीपाशी:

मला हे समजतच नाही. ज्या जनावराला तुम्ही गोळी घालायला बसलात ते गाडीच्या आवाजाने पळालं म्हणून तुम्हाला राग आलाय. त्या गाडीवाल्यांनी निदान त्याचा जीव तरी वाचवला.


रेडरॉक:

ताई, जीव वाचवायला आले नव्हते हो ते, रॅकला रायफली होत्या. :)


आप्पा_मिनेसोटा:

तुळशीपाशी, तुमचा आक्षेप मी समजू शकतो, माझ्या घरात सौ. अजून माझं भांडं वेगळं ठेवते. पण एक बाजू तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. इथे १९३७ पासून एक कायदा आहे, पिटमन-रॉबर्टसन, त्यात बंदुका आणि काडतुसांवर कर बसतो, रायफल-शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, अधिवास राखायला, मोजणी करायला, जमिनी घ्यायला. त्यात लायसन्स आणि टॅगच्या फीची भर. किती जनावरं मारायची हे खातं त्या मोजणीवरून ठरवतं. म्हणजे ते कुरण ज्या पैशातून राखलं जातं त्यात शिकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. तुम्ही मांस खाऊ नका, शिकारही करू नका, पण कुरण राहिलं पाहिजे यावर तर आपलं एकमत आहे ना.

आता मूळ मुद्दा. आमच्याकडे मिनेसोटात हरणाच्या रायफल सीझनमध्ये एटीव्हीला वेळ बांधून दिलीय. शिकारीने पब्लिक लँडवर एटीव्ही चालवायची ती सकाळी शूटिंगची वेळ सुरू व्हायच्या आधी, मग दुपारी ११ ते २, आणि मग संध्याकाळी वेळ संपल्यावर. ज्या घटकेला हरणं हिंडतात आणि माणसं गप्प बसलेली असतात तेव्हा इंजिन बंद. मला तर हा सगळ्यात शहाणपणाचा नियम वाटतो. कोणाची गाडी काढून घेतली नाही, कोणाची सकाळ वाया गेली नाही. माझ्या गुडघ्यांची वाटी गेलेली आहे, मी स्वतः एटीव्हीनेच जातो, पहाटे लवकर जाऊन बसतो आणि दुपारी डबा खायला परत.


तुळशीपाशी:

आप्पा, कुरणाबद्दल एकमत आहे. बाकीच्याबद्दल नाही आणि होणारही नाही. पण त्या झऱ्याच्या पाण्याचं वाचून खरंच कसंतरी झालं.


अभ्यासू_कासव:

आवाजाने जनावर किती लांब जातं यावर ओरेगॉनमध्ये मोठं काम झालंय. ला ग्रँडजवळ स्टार्की म्हणून फॉरेस्ट सर्व्हिसचं (नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या केंद्राच्या खात्याचं) प्रायोगिक जंगल आहे, उंच कुंपणाच्या आत एल्क, गळ्यात कॉलर घातलेले. तिथे पाळीपाळीने एटीव्ही, माउंटन बाइक, पायी माणसं आणि घोडेस्वार सोडून बघितलं की एल्क काय करतात. चारही प्रकारांत एल्क वाटेपासून लांब गेले, पण सगळ्यात जास्त लांब एटीव्हीच्या वेळी. लक्षात घ्या, हे ठरलेल्या वाटेवर चालणाऱ्या एटीव्हीचं. वाट सोडून कुरणात घुसलेल्याचं तर विचारूच नका.

पळताना चरणं थांबतं, आणि ऑक्टोबर म्हणजे हिवाळ्यासाठी अंगावर चरबी धरायचे दिवस. नर तर माजाचा काळ संपवून आधीच खंगलेले असतात.


डोंगरपायी:

@अभ्यासू_कासव धन्यवाद. आणि कुठे जातात याचंही उत्तर इथल्या सगळ्यांना माहीत आहे, खाली रँचवर. खाजगी जमीन, गाडी नाही, माणूस नाही, वर कापून ठेवलेलं गवत. मग रँचवाला म्हणतो एल्क माझी गंजी खातायत, आणि आम्ही पब्लिक लँडवाले वर रिकाम्या डोंगरात बसलेले.


माळरान:

मी पुण्याहून. आपल्याकडे शिकारीचा प्रश्न नाही, १९७२ च्या कायद्यानंतर तो विषय मिटला, पण गाड्यांचा प्रश्न शब्दशः हाच आहे म्हणून लिहितो. सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूर या पट्ट्यात जी गवताची माळरानं आहेत तिथे लांडगे आहेत, चिंकारा आहेत, आणि शनिवार-रविवार झाला की फोर बाय फोरचे ताफे आहेत. लोकांना वाटतं झाड नाही म्हणजे जंगल नाही, मोकळी जागा आहे, घाला गाडी. धाविक, टिटवी, चंडोल ही सगळी मंडळी जमिनीवरच अंडी घालतात, अंडं असं की उभं राहून बघितलं तरी खड्यात खडा दिसतो. चालत्या गाडीतून ते दिसणं शक्यच नाही.

ऑफरोडवाल्यांइतकाच मला फोटोवाल्यांचा राग येतो. लांडगीण दिसली की तिन्ही बाजूंनी गाड्या. पिल्लांचं बीळ सापडलं की लोकेशन संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर. थंडीत पिल्लं लहान असतात, अशा वेळी तिला बीळ बदलावं लागलं तर पिल्लं तोंडात धरून उघड्यावरून न्यावी लागतात, आणि तिथे कुत्री टपलेली असतात.

चांगली गोष्ट म्हणजे वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ सफारी चालू केलीय, ठरलेल्या वाटा, सोबत गावातला गाइड. वाट आखून दिली की बहुतेक लोक वाटेवर राहतात असा माझा अनुभव आहे. आणि उरलेल्यांना गाइड ओरडतो.


सातारी_तडका:

धनगरांचं कोणी ऐकत नाय ओ यात. आमच्याकडं माळावर गाड्या फिरवून फिरवून जमीन अशी दाबून टाकलीय की पावसाचं पाणी मुरतच नाय, वरच्यावर वाहून जातंय. गवत उगवतंय ते चाकोरी सोडून. मेंढरं घेऊन येणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या त्याच माळावर येतोय, त्याला इचारायला पाहिजे पयलं. रीळ काढून पोरं गेली पुण्याला, हितं चारा कुणाचा गेला?


कातळावरचा:

आमच्या राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) याहून वाईट होऊ शकतं. बारसू, देवीहसोळ, कशेळी इथली कातळशिल्पं ऐकली असतील, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. एवढं मोठं चित्र, पण ते उभ्या दगडावर नाही, पायाखालच्या कातळात कोरलेलं आहे, आणि रेषा फार खोल नाहीत. पावसाळ्यानंतर गवत वाढलं की चालणाऱ्यालाही पटकन दिसत नाहीत, गाडीतून तर नाहीच. बऱ्याच ठिकाणी गावच्या लोकांनी चिरे लावून कडं केलंय म्हणून ती वाचलीत.

खाली किनाऱ्यावरही तेच. वेळास, आंजर्ले या बाजूला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, फेब्रुवारी-मार्चपासून पिल्लं निघतात. ओल्या वाळूत गाडीची चाकोरी पडलेली असली तर पिल्लू तिच्यात उतरतं आणि त्याला कड चढता येत नाही, मग समुद्राकडे जायचं सोडून चाकोरीतूनच चालत राहतं. वर ऊन आणि कावळे. डोंगरपायींच्या झऱ्याचं पाणी वाचल्यावर मला हीच आठवण झाली.


रेडरॉक:

कासवाच्या पिल्लाचं वाचून गप्प झालो.

आमच्या मोअॅबकडे मातीवर एक काळसर खरबरीत पापुद्रा असतो, जिवंत असतो तो, शेवाळ, बुरशी आणि जिवाणू मिळून माती धरून ठेवतात. एकदा चाक गेलं की परत धरायला दशकं लागतात. पाऊसच नाही तर भरणार कसं. वाऱ्याने मग मोकळी माती उडते. चाकाच्या खुणा नुसत्या फोटोत वाईट दिसतात म्हणून लोक ओरडतात असं नाही.


नवाशिकारी:

मी यंदाच कोर्स केला, अजून टॅग काढलं नाही. एक प्राथमिक प्रश्न. एल्क पडला आणि तो गाडीच्या वाटेपासून दोन मैल आत असला तर ३०० किलो आणायचे कसे? तेवढ्यापुरती एटीव्ही नेली तर? नाहीतर मांस खराब होईल ना?


खडकवासला_टू_डेन्व्हर:

@नवाशिकारी हीच पळवाट सगळे सांगतात. फॉरेस्ट सर्व्हिसच्या नियमात शिकार आणायला वाटेच्या बाजूला ठराविक अंतर गाडी न्यायची सूट देता येते, पण ती त्या त्या फॉरेस्टने दिलेली असली तरच, आणि ते नकाशावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नाही. १९६४ च्या कायद्याखालची वाइल्डरनेस (पूर्ण राखीव रान) असेल तर तिथे सायकलसुद्धा चालत नाही, फक्त पाय आणि घोडा.


डोंगरपायी:

@नवाशिकारी पूर्ण जनावर उचलायचं नसतंच. जागेवरच चार फरे (पुढचे-मागचे पाय) सोडवायचे, पाठीचं मांस वेगळं काढायचं, जाळीच्या कापडी पिशव्यांत भरायचं आणि सावलीत झाडाला टांगायचं, खालून वारा लागला पाहिजे. कातडं लवकर उतरवलंस तर मांस लवकर थंड होतं, खराब होतं ते बहुतेक वेळा मांडीच्या हाडापाशी ऊब राहिल्यामुळे. मग फेऱ्या. मागचा एक फरा हाडासकट पाठीवर घेतलास की कळेल. म्हणून शिकारीला जायच्या आधी ठरवायचं असतं की किती आत जायचं, बरोबर कोण आहे, भाड्याने घोडा मिळतो का. जिथून मांस आणता येणार नाही तिथे बार काढायचाच नाही. माझा या बाबतीतला विचार पक्का आहे.


आप्पा_मिनेसोटा:

आणि आमच्यासारख्यांनी रस्त्याजवळ बसायचं. तिथेही हरणं येतात, लोक पुढे धावतात म्हणून त्यांना दिसत नाहीत.


पेडल_मार:

ई-बाइकचं काय? आवाज नाही, धूर नाही, चाकोरी नाही. ही तर बंद वाटेवर चालायला हरकत नसावी.


खडकवासला_टू_डेन्व्हर:

नॅशनल फॉरेस्टमध्ये ई-बाइक म्हणजे मोटरगाडीच. जिथे मोटरला परवानगी तिथेच. दरवर्षी कोणीतरी बांधावरून ई-बाइक उचलून पलीकडे ठेवतो आणि म्हणतो ही सायकल आहे.


पेडल_मार:

हे मला पटलं नाही. स्टार्कीच्या प्रयोगात साध्या सायकलींनीही एल्क हलले म्हणताय, मग सायकली बंद करा, घोडे बंद करा. कुठेतरी रेघ मारायची तर आवाजावर आणि वजनावर मारा.


अभ्यासू_कासव:

पेडल_मार, रेघ कुठे मारायची यावर वाद होऊ शकतो आणि तो रास्त आहे, फॉरेस्टचा आराखडा बदलतो तेव्हा लोकांची मतं मागवतात, तिथे लिहा. पण आज मारलेली रेघ आहे ती पाळायची. नाहीतर प्रत्येकाला आपली गाडी निरुपद्रवीच वाटते.


तुळशीपाशी:

मूळ प्रश्नाचं उत्तर कोणी दिलंच नाही अजून. बोलायचं का तक्रार करायची?


फोर_बाय_फोर:

तुळशीपाशी यांचं बरोबर, आणि मी माझ्याकडून सांगतो. हातात रायफल असलेल्या, आधीच नियम मोडलेल्या अनोळखी माणसाशी डोंगरात वाद घालायला जाऊ नका. फोटो काढा: गाडी, स्टिकरचा नंबर, चाकाच्या खुणा, आणि एक फोटो असा की ज्यात बंदीची पट्टी किंवा बांध आणि खुणा दोन्ही दिसतील. शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण नाहीतर ते म्हणतात आम्ही खुल्या वाटेवरच होतो. फोनवर जागेची पिन टाका, वेळ लिहा. खाली ट्रेलहेडला त्यांचा ट्रक आणि ट्रेलर उभा असतो, त्याची नंबरप्लेट घ्या. वरच्या गाडीचा नंबर चिखलात दिसत नाही, ट्रकचा दिसतो.


खडकवासला_टू_डेन्व्हर:

हे उत्तम लिहिलंस. आणि तक्रार दोन ठिकाणी करायची. एक रेंजर डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात, दुसरी कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफकडे (राज्याच्या वन्यजीव खात्याकडे), त्यांची ऑपरेशन गेम थीफ म्हणून लाइन आहे, नाव न सांगताही कळवता येतं. फॉरेस्ट सर्व्हिसचे पोलिसी अधिकार असलेले लोक फार थोडे असतात, एकेकाच्या वाट्याला प्रचंड मुलूख, पण वाइल्डलाइफ ऑफिसर सीझनमध्ये सतत फिरत असतो. शिवाय शिकारीला दंडाच्या पावतीपेक्षा लायसन्सची भीती जास्त. इथे लायसन्सवर पॉइंट लागतात, ५ वर्षांत २० झाले की लायसन्स निलंबित होऊ शकतं, आणि बरीच राज्यं एकमेकांची निलंबनं मानतात, म्हणजे शेजारच्या राज्यात जाऊन शिकार करू हे पण बंद.


माळरान:

ट्रकच्या नंबरप्लेटची युक्ती आमच्याकडेही चालेल. माळावर जायच्या आधी सगळे एकाच चहाच्या टपरीवर थांबतात.


डोंगरपायी:

सगळ्यांचे आभार, विशेषतः फोर_बाय_फोर. माझ्याकडे चाकोऱ्यांचे आणि बांधाजवळच्या खुणांचे फोटो आहेत, ट्रकच्या प्लेटचा खालून येताना काढलेला आहे. काल दोन्हीकडे पाठवले. वाइल्डलाइफ ऑफिसरचा आज फोन आला, जागा नीट विचारून घेतली, उघड्या रायफलींबद्दल जास्त प्रश्न विचारले. पुढे काय होतं ते इथे लिहीन.

रेंजर ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की बांधाच्या दोन्ही बाजूंना मोठे दगड टाकायचं त्यांच्या मनात आहे, पण माणसं नाहीत. उन्हाळ्यात बर्फ गेल्यावर स्वयंसेवक मिळाले तर दगडही टाकू आणि कुरणातल्या चाकोऱ्या आडव्या फोडून पाणी परत गवतात वळवू. फावडी, कुदळी त्या देणार.


फोर_बाय_फोर:

माझ्या गाडीला विंच (दोराने ओढायचं यंत्र) आहे. दगड ओढायला घेऊन येतो, बांधाच्या अलीकडेच उभी करीन. ग्रुपमधले अजून चौघं-पाच जण नक्की येतील.


आप्पा_मिनेसोटा:

लांब आहे रे बाबांनो, नाहीतर आलो असतो. तिथे कोणी जेवणाचं बघणार आहे का? नाहीतर एल्कचं सुकं डोंगरपायीच्या घरून.


तुळशीपाशी:

मी बोल्डरला असते. शाकाहारी जेवण मी करून आणते, कुदळही मारते. तारीख ठरली की व्यनि करा.